तक्त्याच्या रेषा कागदावर उमटत नसल्यास

गावोगावच्या कार्यालयांत आता खतांच्या मात्रा, माती परीक्षणाचे निष्कर्ष व पाण्याच्या पाळ्या यांचे तक्ते संगणकावर तयार होतात. पडद्यावर रेषा दिसतात, परंतु कागदावर नुसतेच आकडे उमटतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. हा दोष किरकोळ मानू नये.

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावी उसाच्या खतांचा तक्ता फलकावर लावावयाचा आहे, असे समजू. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे नत्र, स्फुरद व पालाश यांच्या हेक्टरी मात्रा किलोमध्ये अशा आहेत :

आडसाली – ४०० : १७० : १७०
पूर्वहंगामी – ३४० : १७० : १७०
सुरू – २५० : ११५ : ११५

रेषा नसल्या म्हणजे नजर सहज एक ओळ वर सरकते. सुरू उसाला पूर्वहंगामी उसाची मात्रा दिली, तर हेक्टरी ९० किलो नत्र जादा पडते. युरियात नत्र शेकडा ४६ असते. म्हणजे सुमारे १९६ किलो युरिया, ४५ किलोच्या चार पोत्यांहून अधिक, व्यर्थ जातो. शिवाय जादा नत्राने ऊस लोळतो, साखरेचा उतारा घटतो व गुळाची प्रत बिघडते.

दोष कोठे आहे, हे प्रथम ओळखावे

छपाईपूर्वी कंट्रोल व पी ही बटणे एकत्र दाबून कागदाचे पूर्वदृश्य पाहावे. त्यातही रेषा नसतील, तर दोष तक्त्यात आहे. पूर्वदृश्यात रेषा असून कागदावर नसतील, तर दोष छपाईच्या मांडणीत किंवा प्रिंटरमध्ये आहे.

दोष तक्त्यात असल्यास

१. वर्डमध्ये पडद्यावर दिसणाऱ्या तुटक रेषा या केवळ मार्गदर्शक 'ग्रिडलाइन्स' होत. त्या छापल्या जात नाहीत. संपूर्ण तक्ता निवडून 'बॉर्डर्स'मधील 'ऑल बॉर्डर्स' हा पर्याय द्यावा.

२. रेषेचा रंग पांढरा किंवा फिकट नसावा. रंग काळा व जाडी अर्धा ते एक पॉइंट ठेवावी.

३. तक्ता एक्सेलमध्ये असल्यास तेथील ग्रिडलाइन्सही आपोआप छापल्या जात नाहीत. 'पेज लेआउट'मध्ये ग्रिडलाइन्सखालील 'प्रिंट' या चौकटीत खूण करावी, अथवा बॉर्डर्स द्याव्यात.

दोष छपाईत असल्यास

१. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड या क्रमाने जाऊन 'प्रिंट' विभाग पाहावा. 'युज ड्राफ्ट क्वालिटी' समोरील खूण काढावी. कच्च्या प्रतीच्या या छपाईत रेषा गळू शकतात.

२. प्रिंटरच्या गुणधर्मांत शाई अथवा टोनर वाचविण्याची सोय चालू असल्यास ती बंद करावी.

३. केवळ कडेची रेषा नाहीशी होत असेल, तर तक्ता समासाबाहेर गेला आहे असे समजावे. कागदाच्या अगदी कडेपर्यंत बहुतेक प्रिंटर छापू शकत नाहीत. तक्त्याची रुंदी कमी करून दोन्ही बाजूंस पुरेसा समास सोडावा.

४. एवढ्यानेही काम न झाल्यास तक्त्याची पीडीएफ प्रत काढावी. तीत रेषा स्पष्ट असतील, तर प्रिंटरची स्वतःची चाचणी-प्रत छापून शाई, टोनर व छपाईमुख तपासावे.

तातडीचा उपाय

दोष लवकर सापडला नाही, तरी बिनरेषांचा तक्ता फलकावर लावू नये. पट्टी व पेनाने रेषा आखून घ्याव्यात, अथवा प्रत्येक हंगामाची मात्रा स्वतंत्र वाक्यात लिहावी. अनेक प्रती काढण्यापूर्वी एक प्रत काढून ती दुसऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावी.

शेतकऱ्यांनीही रेषा नसलेल्या कागदावरून खताची खरेदी करू नये. आपल्या उसाचा हंगाम सांगून आकडा पडताळून घ्यावा. माती परीक्षणानुसार या मात्रांत फेरबदल होतो, हेही ध्यानात ठेवावे.