विवरणपत्र नाही, तरी भरपाई मिळते

प्रश्न : मी ४२ वर्षांचा असून शिंपीकाम करतो. दोन महिन्यांपूर्वी ट्रकच्या धडकेत उजवा हात कायमचा अधू झाला. दाखल्यावर अपंगत्व २५ टक्के आहे. आयकर विवरणपत्र कधीच भरलं नाही. बुडालेल्या कमाईची भरपाई मिळेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चूक ट्रकचालकाची असेल, तर मिळेल. विवरणपत्र भक्कम पुरावा असतो, पण एकमेव नव्हे. ऑर्डरवह्या, दोरा-अस्तराची बिलं, पासबुक, यूपीआयच्या नोंदी, गिऱ्हाइकांची साक्ष मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मांडता येते. तेही नसेल, तर किमान वेतनाचा आधार घेतात. मात्र गल्ला म्हणजे उत्पन्न नव्हे. भाडं, वीज, माल वजा जाता उरतं तेच धरतात.

दाखल्यावरचा टक्का म्हणजेच कमाईतली घट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात (२०११) स्पष्ट केलं आहे. कात्री धरणाराच हात अधू झाल्याने तुमची घट ४० टक्केही ठरू शकते. समजा, निव्वळ उत्पन्न वर्षाला २,४०,००० रुपये. तुमच्या वयोगटातल्या स्वयंरोजगारितांसाठी भावी वाढीचे २५ टक्के मिळवून ३,००,०००. त्याचे ४० टक्के १,२०,०००. वयानुसार गुणक १४, म्हणून १६,८०,००० रुपये. उपचारखर्च, वेदना, दुकान बंद राहिल्याचं नुकसान वेगळं. मदतीला कारागीर ठेवला असेल, तर मजुरीच्या पावत्या जपा.

उत्पन्न फुगवून सांगू नका; उलटतपासणीत सगळा दावाच डळमळतो. कायद्यात अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा आताच वकिलाला भेटा. त्यांना दाखवल्याशिवाय विमा कंपनीच्या तडजोडीवर सही करू नका. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.