दुर्रीने एक्का कधी मारायचा?

प्रश्न : मी मुरूडचा, संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला लागल्या की आमच्याकडे मेंढीकोटचे डाव रंगतात. तोच खेळ मी पायथॉनमध्ये लिहिला. ‘पत्ता’ हा मूळ क्लास आणि त्याच्यापासून इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे चार क्लास केले. दुर्रीला २ पासून एक्क्याला १४ पर्यंत बळ दिलं, हुकुमाच्या पत्त्यांत वर १०० मिळवले. बाकी सगळं ‘खेळ’ या एका क्लासमध्ये आहे. हुकूम आधीच जाहीर केला तर डाव चालतो. कट हुकूम घालायला गेलो की कोसळतो. ऑब्जेक्ट वापरूनही असं का? कोड सोबत पाठवतो आहे.
— एक वाचक, मुरूड

उत्तर : बळ चुकीच्या जागी ठेवल्यामुळे. चौकटची दुर्री नुसती हातात धरून ती भारी की हलकी हे सांगता येत नाही. उतारी कशाची आणि हुकूम कोणता, हे कळल्यावरच ती इस्पिकच्या एक्क्याला मारते की फुकट जाते ते ठरतं. म्हणजे ही माहिती पत्त्याची नाही, त्या हाताची आहे. कट हुकुमात तर डाव सुरू झाल्यावर, उतारीचं पान नसलेला पहिला भिडू दुसरं पान टाकतो तेव्हा हुकूम ठरतो. तोवर तुमचे ५२ पत्ते आपापले आकडे घेऊन बसलेले असतात.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आठवा. दहा अवतार, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०. राजा आणि प्रधान सगळीकडे वरचढ; पण त्यांच्याखाली पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या पाचांत बरोबर उलट. पानावरचा आकडा तिथे एकट्याने काहीच ठरवत नाही. लहानमोठेपणा नियमांकडे ठेवला, तर तुमचा ‘पत्ता’ क्लास गंजिफालाही चालेल.

तेव्हा ‘हात’ नावाचा क्लास करा. कोणी काय टाकलं हे त्याने लक्षात ठेवावं, आणि हात कोणी उचलला हे नियमांना विचारून सांगावं. त्यात दश्श्या किती आल्या, हेही तोच सांगेल. ‘भिडू’ने फक्त आपली पानं सांभाळावीत. (पायथॉन ३ मध्ये क्लासचं नाव देवनागरीत चालतं, ‘भिडू’ खुशाल ठेवा.)

इस्पिक आणि बदाम यांचे वेगळे क्लास मात्र काढून टाका. ते वेगळं वागत नाहीत, फक्त वेगळे दिसतात. तो पत्त्याचा एक गुणधर्म आहे. इनहेरिटन्सची खरी गरज होती हुकुमाच्या नियमांत, आणि नेमकी तिथेच तुम्ही इफ-एल्सची रांग लावली आहे. जाहीर हुकूम, बंद हुकूम, कट हुकूम या तिघांना प्रश्न एकच विचारायचा, ‘या घडीला हुकूम कोणता?’ उत्तर प्रत्येक जण आपल्या रीतीने देईल. ‘खेळ’ला आपण कोणता प्रकार खेळतोय हे माहीतही असायला नको. मेंढीकोटचे नियम घराघरात बदलतात. उद्या शेजारच्या आळीने वेगळा नियम सांगितला, तर एक छोटा क्लास वाढेल, जुन्याला हात लागणार नाही.

पिसण्याबद्दल थोडं. तुम्ही प्रत्येक पत्ता कुठल्याही जागेच्या पत्त्याशी बदलता. तीनच पत्त्यांवर करून बघा : २७ वाटा आणि ६ मांडण्या. २७ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणजे काही मांडण्या जास्त वेळा येणारच. पायथॉनचं तयार शफल वापरा. ते फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्ये दिलेल्या पद्धतीवर बेतलेलं आहे. आणि क्लासांच्या पोटातले सगळे प्रिंट बाहेर काढा, नाहीतर चाचणी घेणं अशक्य.

सगळं एकदम मोडू नका. आधी एक चाचणी लिहा : उतारी इस्पिकच्या एक्क्याची, मग इस्पिक राणी, चौकट दुर्री, बदाम बादशाह. हुकूम चौकट असेल तर दुर्री जिंकली पाहिजे, हुकूम ठरलेलाच नसेल तर एक्का. पत्त्यांना हात न लावता दोन्ही उत्तरं बरोबर आली, की मग ‘खेळ’ फोडायला घ्या.