हत्यार आणि काम

धुळे

चि. भाचेरावांस,

परवा फोनवर तू निओव्हिम या तुझ्या एडिटरच्या नव्या प्लगइनबद्दल भरभरून बोललास. केळीचे बाजारभाव दाखवण्याच्या तुझ्या प्रकल्पाचं विचारलं, तर म्हणालास, "एडिटर एकदा मनासारखा लागला की सुरू करतो." म्हणून हे लिहितोय.

हत्यार हाताला बसवून घेणं हा कामाचाच भाग आहे. तुझ्या यादीतली गावांची नावं टर्मिनलमध्ये फुटून दिसत होती, जोडाक्षरं तुटलेली, वेलांट्या भलत्याच जागी. अर्धा दिवस घालवून तू दुसरा टर्मिनल लावलास, ते उत्तम केलंस. मजकूरच नीट दिसत नसेल तर चूक सापडणार कशी? पण त्यानंतर रंगसंगती पुन्हा पुन्हा बदललीस, तेव्हा काम कुठे अडलं होतं? केळीबागेत ठिबकचा फिल्टर नियमित धुतात, नळ्यांची टोकं उघडून गाळ काढतात. पण बाग उभी असताना रोज नव्यानं नळ्या कोणी अंथरत नाही.

काम करताना काही टोचलं, तर वहीत एक ओळ लिही आणि पुढे चल. आठवड्यात तीच ओळ पुन्हा पुन्हा आली, तर शनिवारी दुपारी बसून ती अडचण मिटव. पुष्कळदा सोय एडिटरमध्ये आधीपासूनच असते. एक शब्द बदलायला तू बॅकस्पेस दाबत बसतोस. विममध्ये सी, आय, डब्ल्यू या तीन कळांनी कर्सरखालचा शब्द जातो आणि लगेच नवा लिहिता येतो. कॉन्फिग गिटमध्ये ठेव, म्हणजे बिघडलं तरी मागे फिरता येईल. आणि मूळ कळा विसरू नकोस. उद्या नोकरीत मध्यरात्री सर्व्हर अडला, तर तिथे साधा व्हीआय असेल, तुझे प्लगइन नसतील.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांचं उदाहरण तुला ठाऊक असावं. आपल्या बहुखंडी ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी जुळणी त्यांना पसंत पडली नाही, म्हणून १९७७ मध्ये त्यांनी स्वतःच टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. वर्षभराचं वाटलेलं काम दहाएक वर्षं चाललं. तोवर ग्रंथ मागे पडला: तिसरा खंड १९७३ चा, चौथ्याचा पहिला भाग आला २०११ मध्ये. पण आज जगभरचे गणिती आपले निबंध टेकमध्ये लिहितात. हत्यार घडवण्याचीच तुला ओढ असेल, तर तेही मोठं काम आहे. मग ते उघडपणे हाती घे, इतरांना वापरता येईल असं कर आणि शेवटास ने. दुसरं काम टाळण्यासाठी मात्र त्याचा आडोसा घेऊ नकोस.

रविवारी मी जळगावला येतोय. तोवर रावेर बाजाराचा एका दिवसाचा भाव मोबाईलवर दिसेल एवढं एकच पान तयार कर. देखणं नसलं तरी चालेल. ते आपण एखाद्या केळीवाल्या शेतकऱ्याच्या हातात देऊ. पुढे काय बदलायचं, ते तो सांगेल.

तुझा,
मामा