घरातली आरोग्य-पिशवी : बाळाच्या पहिल्या वर्षापासून प्रवासापर्यंत



गेल्या वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाण्यासाठी आमच्या वस्तीतली दहा-बारा कुटुंबे एकत्र निघाली. त्यात दहा महिन्यांचे एक बाळ होते. रात्री गाडीतच त्याला जुलाब सुरू झाले. वडिलांनी स्टेशनवरून ओआरएसची मोठी पुडी आणली आणि घाबरून ती अख्खी एका पेल्यात कालवली. सोबतच्या आशाताईंनी वेळीच तो पेला ओतून दिला. सकाळी उतरल्यावर जो खासगी दवाखाना आधी दिसला, तिथे बाळाला दाखल केले. डॉक्टरांनी विचारले, लसी कोणत्या झाल्या? मागचे वजन किती? कार्ड घरी पेटीत होते. आयुष्मान कार्डही पेटीतच. बाळ दोन दिवसांत बरे झाले, पण बिल उसनवारीने भरावे लागले आणि ते पैसे फेडायला त्या घराला चार महिने लागले.

चूक एकट्या त्या घराची नव्हती. निघताना झेंडे, बॅनर, शिधा यांची यादी आम्ही केली, पण बाळाचे कार्ड घेतले का, हे कोणीच विचारले नाही. म्हणून या वेळचा पाठ घरातल्या एका पिशवीचा आहे.

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे गमावली. राजरत्न १९२६ साली गेला. त्या काळी आजच्यासारख्या लसी नव्हत्या, ओआरएसची पुडी नव्हती, गरिबाला विमा नव्हता. आज हे सगळे आहे आणि बरेचसे मोफत आहे. ते आपल्या लेकरापर्यंत पोहोचवणे आपल्या हातात आहे.

१) बाळाचे कार्ड

गरोदरपणात नोंदणी केल्यावर मिळणारे माता व बाल संरक्षण कार्ड म्हणजे बाळाची पहिली वही. त्यात लसी, वजन आणि वाढीचा आलेख असतो. वजनाची रेघ वर चढत असेल तर ठीक. दोन महिने ती आडवी राहिली किंवा खाली आली, तर बाळ अंगाने गुटगुटीत दिसत असले तरी अंगणवाडीताईंना विचारा.

लसी अशा : जन्मताच बीसीजी, पोलिओ व कावीळ-बी. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटा, पोलिओ व रोटा. न्यूमोनियाची पीसीव्ही ६ आणि १४ आठवड्यांना, तिचा बूस्टर ९ महिन्यांना. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. हा दुसरा डोस आपल्या वस्त्यांत फार चुकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवराची साथ आली आणि लेकरे दगावली. त्यांत लस न घेतलेली मुले होती. लस घेतल्यावर एखादा दिवस ताप येतो, म्हणून पुढची लस टाळू नका. एखादी तारीख चुकली तर लाजू नका, तसेच केंद्रावर जा. राहिलेला डोस पुढे देता येतो. कामासाठी गाव सोडले असेल तरी कुठल्याही सरकारी केंद्रावर लस मोफत मिळते. फक्त कार्ड सोबत हवे.

२) बाळाची वाढ : काय पाहायचे

वजनाइतकेच महत्त्वाचे आहे बाळ काय करू लागले ते. घरी एवढे पाहा :

• ३ महिन्यांपर्यंत : तोंडाकडे पाहून हसते, मोठ्या आवाजाने दचकते.
• ५ महिन्यांपर्यंत : मान धरते.
• ९ महिन्यांपर्यंत : आधाराशिवाय बसते, हाक मारली की वळते.
• १८ महिन्यांपर्यंत : चालते, काही शब्द बोलते.
• २ वर्षांपर्यंत : "आई पाणी", "बाबा आले" असे दोन शब्द जोडते.

यातले एखादे त्या वयात दिसले नाही तर "याचा बापही उशिराच बोलला" म्हणून वाट पाहू नका. न बोलणाऱ्या बाळाला कदाचित ऐकूच येत नसेल. कानाचा दोष पहिल्या वर्षात कळला तर उपचाराने बाळ भाषा शिकू शकते. शाळेत घालायच्या वयात कळला तर शिकण्याची मोलाची वर्षे निघून गेलेली असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी बाळाला घरी ठेवू नका. दोष आढळला तर पथक पुढे पाठवते आणि तपासणी-उपचार मोफत होतात. आणि हा दोष आईच्या कुठल्या पापाचा नाही, कुणाच्या नजरेचा नाही. त्याला कारण असते आणि पुष्कळदा उपायही असतो.

पहिले ६ महिने फक्त आईचे दूध. पाणी नको, मध नको, घुटी नको. ६ महिन्यांनंतर दूध चालू ठेवून मऊ वरण-भात, नाचणी, कुस्करलेले केळे, अंडे द्या. नुसते वरणाचे पाणी देऊ नका. त्याने पोट भरते, पण अंग भरत नाही.

३) जुलाब लागले तर

मोठी पुडी पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायची. अर्धी पुडी नाही, एक पेला पाणी नाही. कमी पाण्यात मीठ जास्त होते आणि ते बाळाला घातक ठरते. लहान पुडी असेल तर तिच्यावर पाणी किती ते वाचा. कालवलेले पाणी २४ तासांनी फेकून द्या. चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा पाजा. अंगावरचे दूध बंद करू नका.

सोबत झिंकची गोळी १४ दिवस : २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम म्हणजे अर्धी गोळी, ६ महिन्यांवरील बाळाला २० मिलिग्रॅम म्हणजे एक. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे मिळते.

बाळ मलूल पडले, डोळे खोल गेले, पिईनासे झाले, शौचातून रक्त पडले किंवा लघवी होईना, तर थांबू नका. १०८ ला फोन करा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधे आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे.

४) विम्याची कागदे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही सोय दाखल होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठीच आहे, साध्या तपासणीसाठी नाही. आणि ती योजनेतल्या रुग्णालयातच मिळते. म्हणून दारात शिरताच विचारा, "आरोग्यमित्र कुठे बसतात?" फुले योजनेचा फोन १५५३८८, आयुष्मानचा १४५५५. आयुष्मान कार्ड योजना लागू असलेल्या इतर राज्यांतही चालते.

घरात कोणी कारखान्यात, सुरक्षा किंवा सफाईच्या ठेक्यावर असेल आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ईएसआयची कपात होते का ते पगारपत्रकात पाहा. कामगार ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यात बायको-मुलांचे उपचारही येतात. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेचे काम सुरू झाले आणि १९४८ मध्ये कायदा झाला. कपात होत असूनही कार्ड मिळाले नसेल तर ते मागून घ्या. तो हक्क आहे.

५) प्रवासाचा विमा

रेल्वेचे आरक्षण मोबाइलवरून काढताना प्रवास विम्याचा पर्याय येतो. एका माणसाला रुपयापेक्षाही कमी पडतो. तो निवडा आणि नंतर येणाऱ्या लिंकवर वारसाचे नाव भरा. नाव न भरल्यास घरच्यांची धावपळ होते. हा विमा गाडीच्या अपघातापुरता आहे, आजारपणाला नाही. खिडकीवरच्या किंवा जनरलच्या तिकिटावर तो नसतो, आणि बर्थ न घेतलेल्या ५ वर्षांखालील बाळालाही तो लागू नाही. एसटीच्या तिकिटात १ रुपया अपघात सहायतेचा असतो, म्हणून घरी पोहोचेपर्यंत तिकीट जपा.

१८ ते ७० वयाच्या माणसाने बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यावी. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. मेअखेर खात्यात पैसे नसले तर हप्ता कटत नाही आणि विमा बंद पडतो. एवढे लक्षात ठेवा.

या महिन्याचा अभ्यास

एक कापडी पिशवी घ्या. तिच्यात बाळाचे कार्ड, आयुष्मान किंवा ईएसआय कार्ड, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स, ओआरएसच्या दोन पुड्या, झिंक आणि एक लिटरची स्वच्छ बाटली ठेवा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत १०८ आणि आशाताईंचा नंबर लिहा. पिशवी दाराजवळ खुंटीला लावा. ती कुठे आहे हे आजीलाही माहीत हवे आणि शाळेत जाणाऱ्या पोरालाही.

पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे थांबा. दोन वर्षांखालच्या प्रत्येक लेकराचे कार्ड उघडून पाहू. ज्याचा डोस राहिला, त्याच्यासोबत दुसऱ्या दिवशी आमच्यातला एक जण केंद्रावर येईल. कुणाची रोजी बुडत असेल तर बाळाला घेऊन आम्ही जाऊ.

यंदा ६ डिसेंबरला निघताना झेंडे मोजण्याआधी आम्ही पिशव्या मोजणार आहोत.

जयभीम. नमो बुद्धाय.