ऐकणं : सिलॅबसमध्ये नसलेलं प्रॅक्टिकल

आवाज म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात : गॅदरिंगचा डीजे आणि रूममेटचं घोरणं! पण आवाज ही ऊर्जा आहे, हे आपण शाळेत शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो.

डेसिबलचं गणित लॉगॅरिदमचं. आवाज 10 डेसिबलने वाढला की तीव्रता 10 पट होते, 20 ने वाढला की 100 पट. अमेरिकेतल्या 'नायॉश' संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त 8 तास ऐकावा. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 88 ला 4 तास आणि 100 ला फक्त 15 मिनिटं! आता इअरफोनचा व्हॉल्यूम आठवा. कानातल्या शंखाच्या आकाराच्या कॉक्लियात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. बेअरिंग बदलता येतं, या पेशी नाही.

हे झालं आवाजाचं. आता ऐकण्याचं.

1816 साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. रेल्वेत चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायची पद्धत होती : चांगलं चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. आमच्या हॉस्टेलचे पंपवाले मामा स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या बॉडीला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि सांगतात, "बेअरिंग चाललंय बघा." एकदा आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी पंप जाम, आणि ऐन सबमिशनमध्ये आम्ही बादल्या घेऊन रांगेत!

मामा म्हणाले, "मशीन बंद पडायच्या आधी आवाज बदलतं. ऐकणारा पाहिजे."

ते वाक्य मला लागलं. कारण गेल्या सेमला माझा रूममेट रोज रात्री "काही नाही रे, असंच" म्हणायचा. त्याचा आवाज बदलला होता. माझ्या एका कानात इअरफोन होता. एक दिवस तो बॅग भरून गावी गेला, त्याचं वर्ष वाया गेलं. नंतर फोनवर म्हणाला, "सांगणार होतो, पण तू बिझी होतास."

तेव्हा मंडळी, आज मेसमध्ये एक प्रयोग करा. दोन्ही इअरफोन काढा, समोरच्याला "कसा आहेस?" विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. याला जर्नल लागत नाही, पण सबमिशन रोजचं आहे.