केजहून कोड लिहिणाऱ्या पुतणीस

पुणे

चि. सोनूस,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, दिवसभर राबते आणि संध्याकाळी काहीच उरकलेलं नसतं." यात आळसाचा भाग नाही. एक फीचर अर्धं, दुसऱ्याचा रिव्ह्यू, मध्येच प्रॉडक्शनचा बग. त्यात बीड जिल्ह्यात घरी बसून काम, म्हणजे थ्री-फेज लाईट आली की मोटार चालू करायलाही तूच. लॅपटॉपसमोर बसलेली पोरगी आपल्याकडे रिकामीच दिसते, पाहुण्यांना तर हमखास.

खरा वेळ खातं ते सोडलेल्या कामाकडे परतणं. ख्रिस पार्निन आणि स्पेन्सर रुगाबर या संशोधकांनी 86 प्रोग्रॅमरांच्या कामाची सुमारे 10,000 सत्रं तपासली. बसल्यापासून मिनिटाच्या आत कोडला हात लागला, असं दहातल्या एकाच सत्रात दिसलं. एरवी आधी फायली चाळायच्या, आपण कुठवर आलो होतो ते हुडकायचं.

म्हणून उठण्याआधी एक ओळ लिही. 'लॉगिनचं काम चालू' अशी नको. 'टोकन संपल्यावर नवं मागवायचं राहिलंय, आधी त्याची टेस्ट' अशी. तेवढीही सवड नसेल तर फेल होणारी टेस्ट किंवा कंपाइल न होणारी ओळ मुद्दाम तशीच सोड. आल्यावर तीच तुला जागेवर नेईल. (ती पुश मात्र करू नकोस, टीम माझ्या नावाने बोटं मोडेल.) अर्धवट कोड गिट स्टॅशमध्ये कोंबायची सवयही मोड. आठवड्याने त्या ढिगात काय आहे, ते कोंबणाऱ्यालाही सांगता येत नाही. 2015 पासून गिटमध्ये वर्कट्री आहे. तातडीच्या बगसाठी वेगळं फोल्डर उघड, मूळ काम जिथल्या तिथे राहू दे.

हाती कामं दोनच ठेव. आजोबा दारं धरायचे तेव्हा एक वाफा भरल्याशिवाय पाणी दुसरीकडे वळवत नसत. तिसरं काम आलंच तर लीडला विचार, "या दोनांतलं कोणतं मागे ठेवू?" नवी पोरं हे विचारायला उगाच बिचकतात. ते ठरवण्याचाच त्याला पगार मिळतो.

घरचं मी दादाशी बोललोय. सकाळी नऊ ते बारा तुला कुणी हाक मारायची नाही, मोटार त्याने बघायची. पाहुण्यांचा चहा त्यालाही करता येतो. तरी कुणी उठवलंच, तर मला फोन कर.

तुझा,
काका