झाडणाऱ्या गाडीमागे धुरळा का उडतो?

प्रश्न : आमच्या रस्त्यावर पहाटे झाडणारी गाडी फिरते. कधी रस्ता लख्ख होतो, कधी मागे नुसता धुरळा. ही गाडी नेमकी चालते कशी?

उत्तर : ब्रश दिसतात म्हणून सगळे काम त्यांचे वाटते, पण व्हॅक्यूमवर चालणाऱ्या गाडीत खरी मेहनत हवेची असते. बाजूचे गोल ब्रश कडेची माती गाडीखाली ढकलतात. तिथे जमिनीलगत शोषणारे तोंड असते. पंखा कचऱ्याच्या टाकीतली हवा सतत ओढून बाहेर टाकतो, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा कचऱ्यासकट त्या तोंडातून आत घुसते. अरुंद पाइपातून रुंद टाकीत येताच हवेचा वेग पडतो, त्यामुळे खडे, पाने, माती तळाशी बसतात. हवा जाळीतून पुढे जाते.

ट्रकवरच्या अनेक यंत्रांत पंख्याला वेगळे इंजिन असते. लहान गाड्यांत बहुधा एकच इंजिन हायड्रॉलिक पंपामार्फत चाके आणि ब्रश दोन्ही फिरवते.

धुरळ्याचे कारण बहुतेक वेळा पाण्याची कमतरता. ब्रशपाशी आणि तोंडात बारीक फवारे असावेच लागतात. पाणी संपले किंवा गाळाने फवारे तुंबले, की १० मायक्रॉनहून बारीक कण, जे फुप्फुसात खोल जातात, जाळीलाही दाद देत नाहीत. अशी कोरडी गाडी रस्त्यावर आणणे मला गैर वाटते. तिचा पहिला त्रास झाडूवाल्यांना होतो. शोषणाऱ्या तोंडाभोवतीचे रबर झिजले तरी ओढ कमी होते.

तक्रार करताना गाडीचा क्रमांक, वेळ आणि मागचा रस्ता ओलसर होता की कोरडा, हे जरूर लिहा.